सुकाळातील सवय, दुष्काळातील शिदोरी

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा आहे, त्यात माणदेश, सांगोला, मंगळवेढा, जत, करमाळा, आष्टी हा सारा मुलूख येतो. येथील वर्षाचा पाऊस सामान्यतः पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे असतो आणि तोही बेभरवशाचा. या मुलखातील शेतकऱ्यास दुष्काळ नवा नाही. १९७२ साली खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आजही आपल्या गावांत आहेत. २०१२, २०१५ आणि २०१८ ही साले तर तरुण पिढीलाही तोंडपाठ आहेत. दुष्काळ येतो तेव्हा आपण सारेच त्याच्याशी नेटाने झुंजतो, यात शंका नाही. परंतु तो येण्यापूर्वीच्या चांगल्या वर्षांत आपण रोज काय करीत असतो, यावर त्या झुंजीचा निकाल बराचसा आधीच ठरलेला असतो. प्रस्तुत लेखात त्याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

एका आजींचा प्रश्न

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावी मी जिरायत शेतीवर व्याख्यान दिले. समपातळीतील मशागत, कंपोस्ट, आंतरपिके, बियाणे निवड, वैरण विकास, परसबाग अशा अकरा गोष्टी मी क्रमाने सांगितल्या. सभा संपल्यावर मागे बसलेल्या एक वृद्ध आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, सांगितलं ते समदं खरं. पर यातलं आज सांजच्याला काय करू, तेवढं सांगा.”

मला उत्तर देता आले नाही. मी सांगितलेल्या अकरा गोष्टींपैकी बहुतेकींना अनुदान, अवजार किंवा पुढचा हंगाम लागणार होता. त्या संध्याकाळपासून मी माझ्या टिपणवहीत सल्ल्यांचे दोन भाग पाडले. पैसा मिळाल्यावर करावयाच्या गोष्टी एका बाजूस, आणि आज संध्याकाळी करता येण्याजोग्या गोष्टी दुसऱ्या बाजूस. दुसरी यादी लहान व साध्या गोष्टींची असली, तरी तिची किंमत मला ठाऊक असावयास हवी होती. कारण ती आमच्या घराने रोख मोजलेली होती.

दोन दावणी

२०१२ साली आमच्या भागात पावसाने पाठ फिरवली. मी तेव्हा कृषि महाविद्यालयात शिकत होतो. आमची जमीन सहा एकर, सारी जिरायत. शेजारच्या तात्यांची जमीन तेवढीच, मातीही तीच, आणि दोन्ही घरांच्या दावणीला एकेक बैलजोडी. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निघालेल्या ज्वारीचा कडबा दोन्ही घरी जवळपास सारखाच झाला होता आणि दोन्ही गंजी शेजारी शेजारी रचलेल्या होत्या. पुढे पावसाने दगा दिल्याने २०१३ च्या सुगीत नवा कडबा फारसा मिळणार नाही, हे दिवाळीलाच कळून चुकले.

आमची गंज जानेवारीअखेर संपली. फेब्रुवारीच्या बाजारात वडिलांनी बैल नेले. त्या बाजारात विकणारे शेकडो आणि घेणारे थोडे, त्यामुळे जोडी निम्म्या किमतीस गेली. मी सुटीत घरी आलो तेव्हा दावण रिकामी होती आणि वडील त्याविषयी काही बोलत नव्हते. तात्यांची गंज मात्र मे अखेरपर्यंत पुरली. पाऊस पडताच त्यांच्या बैलांनी पाळी घातली, आणि आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत राहिलो. तोवर पहिली ओल उडून गेली होती.

दोन्ही गंजींत फरक कोठे पडला? तात्यांच्या घरी काकू रोज संध्याकाळी विळ्यावर कडबा बारीक चिरून गव्हाणीत टाकीत. आमच्या घरी अख्ख्या पेंढ्या सोडून बैलांपुढे टाकल्या जात. बैल पाला आणि शेंडे खात, आणि बुडख्याकडील जाड धाटे पायांखाली तुडवून टाकीत. ही चघळ सकाळी झाडून उकिरड्यावर जाई.

पुढे मी हा हिशेब कागदावर मांडला. एका बैलास दिवसाकाठी सुमारे सहा किलो कोरडी वैरण धरली, तर जोडीस बारा किलो लागते. अख्खा कडबा टाकल्यास त्यातील पाव हिस्सा तरी चघळ म्हणून वाया जातो. म्हणजे बारा किलो पोटात जाण्यासाठी सोळा किलो टाकावी लागते आणि रोज चार किलो पायांखाली जाते. वर्षाचे हे चौदाशे साठ किलो होतात. बारा किलोंनी भागिले असता एकशे एकवीस दिवस येतात. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे या चार महिन्यांचे दिवसही जवळजवळ तितकेच भरतात. बैल विकण्याची पाळी ज्या चार महिन्यांनी आणली, त्या चार महिन्यांची वैरण आमच्याच गोठ्यातून रोज सकाळी झाडूने बाहेर जात होती.

कुट्टीची ही सवय लागण्यास मोठे यंत्र हवेच असे नाही. विळा चालतो, हाताने फिरवावयाचे कुट्टी यंत्र चार घरांनी मिळून घेतले तरी चालते. कुट्टीवर मिठाचे पाणी शिंपडल्यास जनावरे ती आवडीने खातात. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पावसाच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर बुडख्यातून आलेली फूट जनावरांस चारू नये. तीत विषारी द्रव्य असते आणि थोड्या वेळात जनावर दगावू शकते. वैरणीच्या टंचाईत नेमका हाच मोह होतो, म्हणून गोठा सांभाळणाऱ्या प्रत्येकास हे सांगून ठेवावे.

रानातील सवयी

जमिनीतील ओल ही जिरायत शेतकऱ्याची खरी ठेव होय. रब्बी ज्वारी ही तर बव्हंशी त्याच ठेवीवर वाढते. ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून मालदांडी ३५-१ हा आपल्या घरोघरी पोचलेला वाण निवडला गेला, ते केंद्र याच कोरड्या मुलखातील आहे. पण उत्तम वाणासही ओल राखून ठेवणारा धनी लागतो.

काळी जमीन वाळू लागली की तिला भेगा पडतात, आणि त्या भेगांच्या वाटेने खोलवरची ओल उडून जाते. कोळप्याने वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत केली म्हणजे भेगा बुजतात आणि मातीचे जणू पांघरूण तयार होते. ज्वारीत पहिली कोळपणी पेरणीनंतर तीन आठवड्यांनी, दुसरी पाच आठवड्यांनी आणि तिसरी आठ आठवड्यांनी करावी. तिसऱ्या खेपेस दातेरी कोळपे वापरल्यास भेगा चांगल्या बुजतात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ हे आपण सारेच म्हणतो. तरीही तिसरी कोळपणी बहुतेकांच्या हातून राहून जाते, कारण तण दिसत नसले की काम संपले असे वाटते. तिसरी कोळपणी मुख्यतः भेगांसाठी असते. शेतात तण दिसो वा न दिसो, आठव्या आठवड्यात भेग दिसली की कोळपे जुंपावे.

दुसरी सवय बांधावरील फेरीची. एक एकर रानावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी सुमारे एक लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे दहा टँकर आपल्या दारी रिकामे झाले असे समजावे. त्यातील किती रानात मुरते आणि किती मातीसह ओढ्याला जाते, हे पुष्कळदा बांधावरील एका बिळावर अवलंबून असते. उंदराने किंवा खेकड्याने केलेले बीळ पहिल्या पावसात मुठीएवढे असते. तिसऱ्या पावसात तेथून बांध फुटतो, आणि मग ते काम एका माणसाचे राहत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर खोरे टाकून बांधावरून एक फेरी मारावी. जेथे पाणी झिरपताना दिसेल तेथे चार पाट्या माती टाकून ती पायाने दाबावी. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी, हे तर आपण जाणताच. तसे केल्यास प्रत्येक तास हाच एक छोटा बांध होतो.

उकिरडा आणि बियाण्याचे मडके

ज्या जमिनीत सेंद्रिय अंश अधिक, ती जमीन पाणी अधिक काळ धरून ठेवते. हा अंश बाजारात पोत्याने विकत मिळणे कठीण; तो रोज पाटीपाटीनेच साठवावा लागतो. आपल्याकडे उकिरडा बहुधा उघडा ढीग असतो. उन्हाने त्यातील नत्र उडते, आणि पावसाने त्याचा कस वाहून जातो. दोन मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा, लांबी जनावरांच्या संख्येप्रमाणे, एवढी व्यवस्था कोणासही करता येते. ज्यांना विटांचे हौद बांधणे शक्य असेल, त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेली ‘नाडेप’ पद्धत अवश्य वापरावी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा हौदात थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवता येतो.

रोजची सवय मात्र गोठ्यात आहे. जनावरांच्या मूत्रात नत्राचा फार मोठा वाटा असतो, आणि तेच आपण जमिनीत मुरू देऊन गमावतो. गोठ्यात वाया गेलेला पालापाचोळा किंवा कोरडी माती पसरून ती मूत्राने भिजली की सकाळी शेणाबरोबर खड्ड्यात टाकावी आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. झाडलोट जेथे टाकता, तेथेच दहा पावले पुढे जाऊन टाकावयाची, एवढाच काय तो फरक.

बियाण्याच्या बाबतीतही तसेच. घरचे ज्वारीचे बी वापरणार असाल, तर पेरणीपूर्वी पंधरा दिवस आधी शंभर दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत ते मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ओल टिकेल असे पाणी शिंपडावे. चार-पाच दिवसांनी उघडून मोड मोजावेत. पंचाहत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बी पेरणीयोग्य समजावे. त्याहून कमी असल्यास बी बदलावे किंवा त्या प्रमाणात अधिक वापरावे. हरभऱ्यासाठी हेच प्रमाण पंच्याऐंशी आणि सोयाबीनसाठी सत्तर आहे. या चाचणीस पैसा पडत नाही. ती न केल्यास मात्र दुबार पेरणीचा खर्च पदरी येतो, आणि कोरडवाहू रानात दुसऱ्या पेरणीला ओल शिल्लक असतेच असे नाही.

भिंतीवरची वही

आपल्याकडे पाऊस किती झाला असे विचारल्यास, “चांगला झाला”, “दोन तास पडला” अशी उत्तरे मिळतात. बँकेत किती रक्कम आहे असे कोणी विचारल्यास आपण असे उत्तर देत नाही. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचे, सरळ भिंतीचे कोणतेही भांडे उघड्यावर, घर व झाडापासून दूर ठेवावे. रोज सकाळी त्यातील पाण्यात पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजावेत, आकडा भिंतीवरच्या वहीत लिहावा आणि भांडे रिकामे करावे. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडे हे काम सोपवले तर ती ते कधीच चुकवत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

विहिरीचेही तसेच मोजमाप ठेवावे. दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारून दर पंधरवड्यास पाण्याची पातळी पाहावी. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. ऑक्टोबरच्या आरंभी पावसाचा व विहिरीचा आकडा समोर असला म्हणजे गहू घ्यावा की हरभऱ्यावर भागवावे, याचा निर्णय अंदाजाने न होता हिशेबाने होतो.

याच वहीच्या मागील पानावर घराचा जमाखर्च लिहावा. वैरण किती विकत घेतली, बी-खताची उधारी किती, बचत गटात दरमहा किती टाकले, एवढे आकडे पुरेत. दुष्काळात शेतकऱ्याची जोडी अनेकदा वैरणीअभावी जाते, परंतु काही वेळा हाताशी चार पैसे नसल्यानेही जाते. गटातील ताईंनी दरमहा साठवलेली लहानशी रक्कम अशा वेळी सावकाराच्या दारी जाणे वाचविते.

एका घराची आणि गावाची सवय

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. एका घराने लावून घेतलेल्या सवयींना मर्यादा असते. मी रोज विहिरीची दोरी मोजत असलो आणि शेजारी आठशे फूट कूपनलिका घेत असेल, तर माझी वही मला केवळ उतरते आकडेच दाखवील. पाणी जमिनीखाली कोणाचा बांध ओळखत नाही.

म्हणून ही सवय घरातून गावात गेली पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. तेथील पाणलोटाच्या कामांचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. त्या गावाची खरी शिस्त मात्र त्या कामांनंतर दिसते. पावसाळा संपल्यावर पडलेल्या पावसाचा हिशेब मांडावयाचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे, असा पाण्याचा ताळेबंद हे गाव दरवर्षी मांडत आले आहे. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्बंधही गावाने स्वतःच घालून घेतला. बांध व चर पुष्कळ गावांत झाले. जेथे दरवर्षीच्या ताळेबंदाची सवय लागली नाही, तेथे त्यात साठलेले पाणी दोन वर्षांत उपसून गेले.

कार्यकर्त्यांस दोन शब्द

गावपातळीवर काम करणारे आपले कृषि सहकारी, कृषिमित्र आणि बचत गटांच्या ताई यांना माझी विनंती आहे की एका सभेत एकच गोष्ट सांगावी, आणि ती त्याच संध्याकाळी करता येण्याजोगी असावी. शक्य तर ती सभेतच करून दाखवावी. शंभर दाणे गोणपाटावर मांडून ठेवावेत आणि पाचव्या दिवशी ते उघडण्यास स्वतः जावे. पुढच्या भेटीत नवी गोष्ट सांगण्यापूर्वी मागची टिकली का, हे पाहावे. न टिकल्यास दोष शेतकऱ्यास न देता त्यात अडचण कोणती आली ते विचारावे. कुट्टीचे काम बहुधा घरातील स्त्रीच्या अंगावर पडते, आणि तिच्या दिवसात मोकळी घटका मुळातच थोडी असते. आमच्या घरी कुट्टी टिकली, ती वडिलांनी हातयंत्राचे चाक स्वतः हाती घेतल्यावरच.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सवय सुटते ती चांगल्या वर्षी. गंज मोठी असली की कुट्टी कशाला असे वाटते, आणि विहीर तुडुंब असली की दोरी खुंटीवरच राहते. म्हणून सुकाळाच्या वर्षी आपल्या फेऱ्या कमी न करता वाढवाव्यात.

शेवट

२०१३ नंतर वर्षभराने वडिलांनी कर्ज काढून पुन्हा जोडी घेतली, आणि त्याच महिन्यात हाताचे कुट्टी यंत्रही घेतले. २०१८ च्या सप्टेंबरात पाऊस पुन्हा उघडला. ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. या वेळी आमची गंज मेच्या मध्यापर्यंत पुरली. त्यानंतरचे पाच आठवडे बैल चारा छावणीत ठेवावे लागले. म्हणजे सवयीने सारे संकट टळले असे मी म्हणणार नाही. परंतु २०१९ च्या जूनअखेरीस पाऊस आला, तेव्हा बैल आमचेच होते, आणि पहिल्या ओलीवर पाळी आमच्याच औताने घातली.

त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर आज मी असे देईन. आज संध्याकाळी नेहमीप्रमाणेच वैरण टाका. उद्या सकाळी गव्हाणीतील व पायांखालील चघळ झाडून काढल्यावर ती उकिरड्यावर नेऊ नका. आधी ती तराजूत घाला, आणि जो आकडा येईल त्यास तीनशे पासष्टने गुणा.